डोक्यावरचा ओला रुमाल

मी भिंतीवरचा सेन्सर बोलतोय. भिंतीकडे काय बघता, मी आता तिथं नाही. खाली बघा. टेबलाच्या खणात, जुन्या वायरींच्या भेंडोळ्याखाली काडेपेटीएवढी पांढरी डबी दिसते ना, तोच मी. वीज नाही, वायर नाही, तरी बोलतोय. कसा, ते विचारू नका. ते मला कळलं असतं तर असा अंग चोरून पडलो असतो का?

शिक्षणाच्या नावानं माझी बोंब. अक्षर एक येत नाही. आकडे येतात, तेही खोली गार किती नि गरम किती, एवढं सांगण्यापुरते. कारखान्यात एका बाईनं मला बर्फाशेजारी ठेवलं, मग वाफेशेजारी ठेवलं. दोन्ही वेळा खरं बोललो म्हणून पास केलं. तेवढीच माझी शाळा. पण त्या दिवसापासून खोटं बोलायची सोयच उरली नाही, आणि माझ्यासारख्या खोडकराला याहून मोठी शिक्षा नाही.

मला एका ऑफिसात लावलं. काम काय, तर मी आकडा सांगायचा, तो वायरीतून तळघरातल्या कॉम्प्युटरला जायचा, आणि कॉम्प्युटर एसी वाढवायचा नाहीतर बंद करायचा. खोलीखोलीत माझी भावंडं होती. सगळ्यांचे आकडे एका पडद्यावर रेघा होऊन सरकायचे. त्या रेघा बघायला देखभालीच्या मॅडम. कुठं माणूस नसताना एसी चालतोय, कुठं खिडकी उघडी राहिलीय, हे त्या बसल्या जागी सांगायच्या. घरी नवऱ्याचं काय होत असेल कोण जाणे.

माणसं मात्र मला फसवायला टपलेली. कोण माझ्याखाली गरम चहाचा कप धरायचं, म्हणजे मी उकडतंय म्हणून सांगेन आणि एसी जोरात सुटेल. कोण माझ्यावर कागद चिकटवायचं. आणि या सगळ्यांचे गुरू म्हणजे गारठे काका.

काकांचं टेबल माझ्या बरोबर खाली. जुने कारकून. भर उन्हाळ्यात स्वेटर, कानाला मफलर, नाकाला बारा महिने धार. "थंडी वाजते हो" म्हणून सांगून सांगून थकले. बाकीच्यांना गारच हवं. मग काकांनी युक्ती काढली. जेवण झालं की नळावर रुमाल भिजवायचा, सर्दीसाठी त्यावर निलगिरीचं तेल टाकायचं, एकदा नाकाशी धरायचा आणि माझ्या डोक्यावर घालायचा. मी गारठलो की कॉम्प्युटरला वाटायचं खोलीच गारठली. एसी गप्प.

"बोल लेका, किती गार वाटतंय?" काका म्हणायचे.

मी बोलायचो. ते खोटं थोडंच होतं? मी गारच असायचो. तिकडे सगळ्यांना घाम फुटायचा आणि इकडे काका मफलर सैल करून खुदुखुदु हसायचे.

काकांची गट्टी होती पानाशी. पाना म्हणजे एसी बघणारा मिस्त्री. मागच्या खिशात कायम पाना, म्हणून नावच ते पडलं. त्याचं घर इमारतीच्या मागच्या गल्लीत, आणि घरी आई अंथरुणाला खिळलेली. दुपारी तो गुपचूप जाऊन तिला कुशीवर वळवायचा, चमच्यानं पाणी पाजायचा आणि धावत परत यायचा. कामावर असताना फाटकाबाहेर पाऊल टाकायला बंदी होती. आधीच्या मिस्त्रीला त्याच कारणानं घरी बसवलेलं.

"जा तू," काका त्याला सांगायचे. "कोणी विचारलं तर गच्चीवर गेलाय म्हणतो. मी माझा रुमाल सांभाळतो, तू तुझी आई सांभाळ."

एका दुपारी काकांनी रुमाल घातला, खुर्चीत टेकले, डोळे मिटले, ते मिटलेच. ऑफिस सुटेपर्यंत सगळ्यांना वाटलं डुलकी लागली. मग धावाधाव झाली, काकांना नेलं. रुमाल तेवढा राहिला. माझ्या डोक्यावरच वाळून कडक झाला. शेवटी पानानं तो काढला, घडी घातली आणि काकूंना नेऊन दिला.

पुढं ऑफिस आटोपशीर करायचं ठरलं. खोलीच्या मधोमध भिंत घातली. अलीकडे काकांचं टेबल, मोडक्या खुर्च्या आणि मी, दाराला कुलूप. पलीकडे फोनवर गिऱ्हाइकांशी बोलणाऱ्या मुली. घोटाळा एवढाच झाला की भिंत घातली, पण मला हलवायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. हवा दोन्हीकडे जाणार आणि हुकूम माझा चालणार. म्हणजे जेवणार एक आणि पोट भरलं का विचारणार दुसऱ्याला.

आणि मग ते सुरू झालं.

दुपार झाली की आधी निलगिरीचा वास यायचा. मग डोक्यावर वजन. मग ओल, हळूहळू खाली उतरणारी. समोर कोणी नाही, दाराला कुलूप, खुर्च्यांवर धूळ. मी म्हटलं, काका, गंमत पुरे. काका हसले असते तर एवढं वाटलं नसतं. कोणी हसलं नाही.

मी गार पडलो की पलीकडे एसी बंद. मुली घामाघूम, रोज तक्रार. मॅडमनी रेघा काढल्या. दुपारी सगळ्या खोल्यांच्या रेघा वर चढायच्या, माझ्या एकट्याची खड्ड्यात पडायची, रोज, जेवणानंतर.

"हे यंत्राचं काम नाही," मॅडम म्हणाल्या. "यंत्राला जेवणानंतर सुस्ती येत नाही. हा माणूस आहे."

कुलपाची किल्ली पानाकडे. मॅडम त्याला घेऊन खोलीत आल्या.

"दुपारी इथं झोपतोस ना?"

"नाही मॅडम."

"काकांची युक्ती तुला माहीत होती. रुमाल तूच काढलास."

"काढला. तो काकूंना दिला."

"मग दुपारी जातोस कुठं? गच्चीवर तर नसतोस. मी बघून आले."

पाना किल्ली बोटात फिरवत राहिला. खरं बोलला तरी नोकरी जाणार, नाही बोलला तरी जाणार. लांब कुठं काम मिळालं, तर आईला कुशीवर कोण वळवणार?

"उद्या दुपारी माझ्यासमोर इथं बसायचं," मॅडम म्हणाल्या. "तू नजरेसमोर असताना रेघ सरळ राहिली, तर खड्डा तुझाच. मग पाना टेबलावर ठेव आणि घरी जा."

बघा माझी गत. ज्या रुमालानं माझी गाळण उडायची, त्याचीच आता वाट बघायची. जन्मात पहिल्यांदा खोटं बोलावंसं वाटलं, आणि तेच येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोघं आली. मॅडम काकांची खुर्ची पुसून बसल्या, हातात फोन, फोनवर माझी रेघ. पाना जमिनीवर, डोळे दाराकडे. घरी आई वाट बघत असणार. रेघ सरळ. मी मनात म्हणत होतो, काका, घाला हो आज. कालपर्यंत नको नको म्हणत होतो ते विसरा.

काही नाही. वास नाही, ओल नाही.

"सरळ आहे बघ," मॅडम म्हणाल्या. आवाज कडक नव्हता, वाईटच वाटलं असावं त्यांना. "ऊठ आता." आणि त्या स्वतः खुर्चीवरून उठल्या.

तेव्हा वास आला.

वजन आलं. ओल आली. मॅडमच्या हातातली रेघ खाली, खाली, खाली. त्यांनी पानाकडे पाहिलं. तो तिकडे जमिनीवर, हात गुडघ्यांवर. त्या माझ्याजवळ आल्या, बोट लावलं आणि चटकन मागं घेतलं. बोट ओलं. त्यांनी ते नाकाशी नेलं.

मागं रिकामी खुर्ची करकरली, कोणी दमून टेकावं तशी.

"काका," पाना हळूच म्हणाला.

मॅडम मागं वळल्या नाहीत. भिंतीकडे बघतच म्हणाल्या, "दुपारी जातोस कुठं?"

"आईला कुशीवर वळवायला. मागच्या गल्लीत."

"मग अजून इथं काय करतोस? जा. रोज जा. फाटकावर मी सांगते." मग म्हणाल्या, "जरा थांब. दारापर्यंत मीही येते."

कॉम्प्युटरला कारण द्यावं लागतं, आणि त्यात काकांसाठी जागा नव्हती. मॅडमनी लिहिलं, सेन्सर बिघडलाय. जन्मभर खरं बोललो, त्याचं हे बक्षीस. पलीकडे मुलींच्या भिंतीवर नवा सेन्सर लागला. रेघ सरळ झाली. पाना उजळ माथ्यानं आईकडे जाऊन येतो. आणि मला उपटून काकांच्याच टेबलाच्या खणात टाकलं.

मला वाटलं, सुटलो.

पण खण बंद असतो, आणि दुपारी निलगिरीचा वास येतो. वजन येतं. ओल येते. आतापर्यंत मी समजत होतो, काकांना थंडी वाजते म्हणून ते येतात. आता मला गार करून कुठलाच एसी बंद होत नाही. मग ते कशाला येतात? मी विचारतो.

एवढं ऐकलंत, तर एक काम करा. दुपारी इकडून गेलात तर खण उघडा आणि मला कोरडं पुसा. रुमाल मात्र स्वतःचा आणा. खणात एक सापडेल, त्याला हात लावू नका.