चार इंच मुरूम

कल्याणने प्लास्टिकच्या गवताच्या कडेला एक खिळा ठोकला आणि पुढच्यासाठी हात मागे नेला, तर खिळ्यांचा डबा जागेवर नव्हता. तो ओट्याच्या पायरीवर बसलेल्या भुजंगअण्णांच्या मांडीवर होता. अण्णांनी त्यातला एक सहा इंची खिळा उचलून उन्हात धरला होता.

“किती खंदलं?”

“आठ इंच, अण्णा.”

खोटं बोलायला कल्याणला जराही अडखळावं लागलं नाही, आणि याचीच त्याला लाज वाटली. खोदलं होतं चारच इंच.

नवीन जालन्यातल्या या बंगल्याचं अंगण अस्सल काळ्या मातीचं. घर बांधलं तेव्हा अण्णांच्या लेकानं, केशवरावांनी, हौसेनं वडलांच्याच तीर्थपुरीच्या रानातून ट्रॉल्या भरून माती आणवली होती. अण्णांनी तिच्यात वांगी लावली, मेथी लावली. गेल्या भादव्यात मेथी खुडायला उतरले आणि चिखलात असे घसरले, की खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून हातात काठी आली. मग केशवरावांनी ठरवलं, अंगणात माती नको. बियाणं कंपनीतला साहेब माणूस, त्यांनी ठरवलं म्हणजे ठरलं. अण्णांना विचारावं, असं घरात कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. ती निदान आठ इंच काढायची, त्या जागी मुरूम आणि खडी दाबून बसवायची, तेव्हा कुठे वरचं गवत सपाट राहतं. कल्याणला हे पाठ होतं. दुसऱ्याच्या हाताखाली असताना एका बंगल्यातलं गवत दिवाळीपर्यंत चुरगळलेल्या सतरंजीसारखं झालेलं त्यानं पाहिलं होतं. हे त्याचं स्वतःचं पहिलं काम. केशवरावांचे मेव्हणे साहेबराव यांच्या शाळेचं अख्खं मैदान यानंतर त्याला मिळणार होतं, फक्त केशवरावांनी एक शब्द टाकायला हवा होता.

तरी त्यानं चार इंचांवर हात आखडला. खोदलेल्या मातीची पहिली ट्रॉली नाल्याकाठी रिकामी होताना तो सोबत गेला होता. फुटक्या फरशांवर आणि विटांच्या तुकड्यांवर ती माती पडली. कल्याण जाफराबादकडचा, घरचं रान मुरमाड. तलावातल्या गाळाच्या एका ट्रॉलीसाठी बापानं किती उन्हाळे लोकांच्या विनवण्या केल्या होत्या. दुसरी ट्रॉली भरायची वेळ आली तेव्हा तो गड्यांना म्हणाला, बस झालं. वेळ कमी आहे, अशी त्यानं स्वतःची समजूतही घालून घेतली.

अण्णांनी गवताची मोकळी कड उचलली. खिळा उभा धरला आणि काठीच्या मुठीनं वर ठोकला. खिळा कुरकुरत, खड्यांना घासत आत गेला. मग एकाएकी त्याचा आवाजच बंद झाला आणि राहिलेला भाग अंगठ्यानं दाबताच सर्रकन उतरला. अण्णांनी तो उपसला. टोकाला दोन बोटं काळी, चिकट माती होती.

आठ इंच खोदलं असतं, तर सहा इंची खिळ्याला माती लागलीच नसती.

तेवढ्यात केशवराव बाहेर आले. गवत पाहून खूश झाले.

“वा! अण्णा, बघा बरं. आता चिखल न्हाई का काही न्हाई. काम बराबर झालंय ना?”

अण्णांनी खिळा धोतराला पुसला.

“बराबर हाय. बिलकुल बराबर.”

“मंग साहेबरावांना आताच फोन लावतो,” म्हणत केशवराव मोबाईल आणायला आत गेले.

म्हाताऱ्यानं आपल्याला वाचवलं, असं वाटून कल्याणला त्यांचे पाय धरावेसे वाटले. पण अण्णा पुढे वाकले आणि हळूच म्हणाले,

“माती टाकवंना तुला, व्हय?”

कल्याणनं मान खाली घातली.

“चांगलं केलं. आता गप राह्य. दोन पाऊस पडू दे, ती आपसूक वर येती. गवत उचलून फेकती का न्हाई बघ. मंग केशवच म्हणंल, काढा हे.”

इतक्या दिवसांत अण्णा पहिल्यांदा हसले. हसत हसतच काठी टेकत उठले आणि गवतावर उतरले. अनवाणी. दुखरा पाय त्यांनी आधी टाकला, मग दुसरा. कल्याण त्या पायांकडे बघत राहिला. माती फुगेल ती पहिल्यांदा इथेच, पायरीला लागून, जिथे ओट्याचं पाणी पडतं. वरून सगळं हिरवंगार दिसेल आणि खाली टेंगूळ. अण्णा तर रोज इथूनच उतरणार.

केशवराव फोन कानाला लावूनच आले.

“हां साहेबराव, एक नंबर काम! थांबा, कल्याणलाच देतो.”

कल्याणनं फोन घेतला नाही. शाळेचं मैदान डोळ्यांसमोरून चाललेलं त्याला दिसत होतं, आणि जीव तुटत होता.

“साहेब, चारच इंच खंदलंय मी. हे राहणार न्हाई. समदं उचलून परत करतो.”

केशवरावांचा चेहरा उतरला. “नंतर करतो,” एवढंच बोलून त्यांनी फोन बंद केला.

“अहो, पण अण्णांनी आत्ताच तर बघितलं की!”

“अण्णांना मी आठ सांगितल्तं. त्यांना काय ठाव न्हाई.”

अण्णांनी कल्याणकडे असं पाहिलं, की त्याला तिथे उभं राहवेना. ठरलेलं मोडलं होतं, तेही ठरवून पाच मिनिटं झाली नव्हती. केशवराव काहीतरी बोलायला गेले, पण अण्णांनी हात वर करून त्यांना थांबवलं. पायरीची कड धरून ते सावकाश वर चढले आणि दाराशी पाठमोरेच थांबले.

“आठनं भागायचं न्हाई,” ते म्हणाले. “माझ्या रानाची माती हाय ती. दहा खंद.”