डोक्यावरचं घरटं

मी भिंत बोलतेय. किल्ला केव्हाच गेला, मी तेवढी मागे उरले. जर्मन सरदारांनी इथल्या लाटवियन कुळांच्या पाठीवर धोंडे लादून मला उभारलं. सरदार गेले, तशी त्याच कुळांच्या नातवंडांनी माझे दगड नेऊन गोठे बांधले, न्हाणीच्या भट्ट्या रचल्या. मी हरकत घेतली नाही. ज्यांनी वाहिले त्यांचेच होते ते. तोफा सोसल्या, सोव्हिएत अमलात तळघरात सरकारी शेतीचे बटाटे सोसले. पडले नाही. थकले मात्र.

माझ्या मुळावर उठली ती माया. पायथ्याच्या घरात औस्त्रा लग्न होऊन आली, त्या वसंतात तिच्या नवऱ्याने, झानिसने, माझ्या माथ्यावर घोडागाडीचं जुनं चाक चढवलं. करकोच्याने घरटं करावं, घराला बरकत यावी म्हणून. करकोचा आला. मग दरसाल नव्या काड्या, नवा चिखल. घरटं गाभण गाईएवढं जड झालं. त्यातलं पाणी माझ्यात मुरलं, हिवाळ्यात गोठलं, आणि मी वरपासून खालपर्यंत चिरले.

झानिस वारला. औस्त्रा मात्र रोज खुर्ची टाकून माझ्याखाली बसायची आणि नवऱ्याच्या तक्रारी करकोच्याला सांगायची.

तिची भाची दाइगा जुन्या इमारती दुरुस्त करते. पक्षी परदेशी गेले की घरटं अंगणातल्या खांबावर हलवू, असं ती म्हणाली. औस्त्रा उसळली.

"झानिसने चढवलेलं चाक आहे ते. मी असेतो कुणी हात लावायचा नाही."

"मावशी, भिंत तुझ्याच छपरावर येईल."

"येऊ दे. म्हातारीवर म्हातारी."

"आणि वरची पिल्लं?"

पानगळीत चाक उतरवताना दोर तिनेच धरला.

वसंतात करकोचा परतला. खांबाकडे ढुंकूनही न बघता माझ्यावर बसला, एक काडी ठेवली. औस्त्रा दुधाची बादली बडवत धावली. "अरे नालायका, चाक तेच आहे. बघ तरी जाऊन." डोळे पुसत ती बडवत राहिली. रोज. शेवटी एका सकाळी तो खांबावर गेला.

माझी चीर आता चुन्याने बुजवलीय. औस्त्राची खुर्ची खांबाखाली गेली. जायचीच.

त्याने ठेवलेली ती काडी अजून माझ्या माथ्यावर आहे. साफसफाईला कुणी वर चढलंच, तर त्याला सांगा बाई, ती राहू दे. तेवढं ओझं मला झेपतं.