सलाईनचं चाक

लेकीला मुलगा झाला त्या सालची ही गोष्ट. बाळ बारा दिवसांचं, लेक अंथरुणात, जावई मालट्रक घेऊन लांबच्या खेपेला. म्हणून थोरलीला घेऊन इस्पितळात मी आलो.

थोरली, म्हणजे माझी नात, आठ वर्षांची. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून घरात तिला सगळे खार म्हणायचे. तीन आठवडे ती घटाघटा पाणी पीत होती आणि तरी वाळत चालली होती. भाऊ येणार म्हणून रुसली असेल, असं आम्हाला वाटलं. त्या सकाळी तिचा श्वास भात्यासारखा चालला आणि तोंडाला कुजक्या फळाचा वास आला. तो वास माझ्या ओळखीचा होता.

याच इस्पितळात पुरुषांच्या वॉर्डात मी एकतीस वर्षं काढली. फरशी पुसली, स्ट्रेचर ओढलं, बाटल्या बदलल्या. साखर चढून रक्त आंबट झालेले बाप्ये कितीतरी पाहिले. एक पाववाला तर डोळे पांढरे करून आला होता. सलाईनच्या नळीवरच्या चाकाकडे बोट दाखवून डॉक्टर म्हणाले, "मामा, चाक पूर्ण उघडा." तासाभरात बाटली खलास, पाठोपाठ दुसरी. तिसऱ्या दिवशी तो मलाच विचारत होता, "तुमच्या कँटीनचा पाव भाजतात की दगडातून घडवतात?" तेव्हापासून माझं गणित पक्कं झालं होतं. माणूस कोरडा पडलाय, पाणी घाला, उठून बसेल.

मुलांच्या वॉर्डात थेंब मोजायचं मशीन बिघडलं होतं. सिस्टर घड्याळ धरून थेंब मोजत होती. एक थेंब, मग थांबून दुसरा.

"सिस्टर, आज नळाला पाणी नाही का?" मी म्हणालो.

ती हसली. "मामा, तुमच्या वॉर्डातली घाई इथे नको. मुलांचं पाणी दीड-दोन दिवसांत हळूहळू भरून काढायचं. भसाभस गेलं तर मेंदूला सूज येण्याची भीती असते."

"एकतीस वर्षांत एकाच्याही मेंदूला सूज आलेली मी पाहिली नाही."

"मुलं पाहिलीत का?"

मी मनात खदखदत होतो. कालची पोर मला चाक शिकवते.

खारीचे ओठ तडकले होते. तोंडाने काही द्यायचं नव्हतं. मी ओल्या कापसाने ओठ पुसले, तर तिने कापूसच चोखला.

"आबा, पाणी."

"बाटलीतून जातंय ना, बाळा."

"ते माझ्या घशात येतच नाही. आबा, तुम्ही इथले मोठे आहात ना? मग सांगा ना त्यांना."

घरी मी तशाच बढाया मारल्या होत्या. मी सांगितलं की डॉक्टरसुद्धा ऐकतात, म्हणून.

सिस्टर पलीकडच्या खाटेकडे गेली. तिथल्या मुलाला झटके येत होते. मी चाकाला अंगठा लावला आणि वर ढकललं. ती येईपर्यंतच, असं ठरवलं होतं. ती पाऊण तास आली नाही. बाटली अर्ध्याच्या खाली गेली. खारीच्या गालावर जरा रंग आला. "बाळाचे कान माझ्यासारखे आहेत का हो?" असं तिने विचारलं. मला वाटलं, आपणच खरे. पावलं वाजली तसं मी चाक खाली आणलं.

सिस्टरने बाटलीकडे पाहिलं. "मामा, हात लावलात?"

"नाही."

तिने पुन्हा थेंब मोजले. "मग माझंच चुकलं असेल," म्हणाली आणि तसंच कागदावर लिहिलं. डॉक्टरांनाही कळवलं. मला म्हणाली, "डोकं दुखतंय म्हणाली तर लगेच हाक मारा. एक मिनिटही थांबू नका."

दुपारी दोनच्या सुमाराला खार म्हणाली, "आबा, डोकं दुखतंय."

मी हाक मारली नाही. भुकेने दुखत असेल, असं तिला सांगितलं, स्वतःलाही सांगितलं. सिस्टर खरी ठरू नये म्हणून मी खारीचं कपाळ चेपत बसलो. ती दोनदा ओकली, ते मी पुसून टाकलं. पुसायची सवयच होती. साडेतीनला तिने मला ओळखलं नाही. चादर ओली झाली. मग मी ओरडलो.

डॉक्टर धावत आले. सूज उतरायचं औषध शिरेतून दिलं, घशात नळी घातली. "डोकं कधीपासून दुखत होतं?" त्यांनी विचारलं.

"आत्ताच," मी म्हणालो.

पुढे तेच म्हणाले, "आजोबा, सगळं नीट करूनही हे कधीकधी होतं. जास्त पाण्यानेच झालं, असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही." त्या वाक्याला मी काही वर्षं धरून राहिलो. पण दीड तास मी तिचं कपाळ चेपत बसलो होतो, त्याचं उत्तर त्या वाक्यात नाही. औषध तेव्हाच मिळालं असतं.

चौकशी झाली. सिस्टरने आपल्या कागदावरच बोट ठेवलं, चूक आपलीच म्हणाली. तिची बदली झाली, मग तिने नोकरी सोडल्याचं ऐकलं. मी चौकशीच्या खोलीबाहेर बाकावर बसून होतो. आत कुणी बोलावलं नाही आणि मी गेलो नाही.

लेक आजही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "बाबा जवळ होते तिच्या, एवढंच समाधान."

खार दुसऱ्या दिवशी, बुधवारी, सकाळी सव्वाअकरा वाजता वारली.