उंड्याचे दात

मावशींच्या हातांचा गल्लीत मोठा बोलबाला होता. पस्तीस वर्षं त्यांनी बेकरीत भट्टीपुढे काढलेली. तापलेला ट्रे फडक्याशिवाय उचलायच्या आणि समोरच्याकडे असं बघायच्या, की त्याचेच हात भाजावेत. त्या निवृत्त झाल्या, पण त्यांचा तोरा काही निवृत्त झाला नाही.

गोदामामागे मेलेल्या कुत्रीजवळ एकच पिल्लू जिवंत सापडलं, डोळेही न उघडलेलं. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी ते दुसऱ्या कुणाला न देता मावशींच्या ओटीत टाकलं. "आठ आठवड्यांचं होईपर्यंत सांभाळा, मग त्याला कायमचं घर शोधू." मावशींनी त्याला तळहातावर घेतलं. पिठाचा उंडा भरावा तेवढंच वजन. उंडा हे नाव पडलं ते पडलंच.

मग काय, मावशींनी कामाचा धडाकाच लावला. दर दोन तासांनी दूध, तेही पिल्लाला पालथं धरून, ठसका लागू नये म्हणून. दूध झालं की कोमट ओल्या कापसाने पुसून काढायचं, कारण आईने चाटल्याशिवाय एवढ्याशा पिल्लांना शू होत नाही. डोळे उघडल्यावर तर शाळाच सुरू झाली. आज फरशी, उद्या गवत, परवा पायपुसणं. मिक्सर आधी लांबून ऐकवायचा, मग जवळून. छत्री उघडून दाखवायची, मिटून दाखवायची. हेल्मेटवाला पोस्टमन, काठीवाले आजोबा, शेजारचं रडकं बाळ, सगळ्यांना आत बोलावून उंड्याशी ओळख करून दिली. सहाव्या आठवड्यात उंडा कशालाही बिचकत नव्हता, आणि मावशी भेटेल त्याला ते ऐकवत सुटल्या होत्या.

त्यांची सून मात्र उंड्याशी जपूनच खेळायची. ती पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायची. दिवसभर धुऊन धुऊन तिच्या हातांची कातडी पातळ झालेली, आणि उंड्याच्या दातांमुळे बोटांवर रोज नवी चिकटपट्टी.

"एवढंसं पिल्लू ते! तुझी कातडी आहे की दुधावरची साय?" मावशी म्हणायच्या. "मला बघ, दिवसभर चावतो. काही होतं का?"

त्याच आठवड्यात तपासणी होती. डॉक्टरीणबाईंनी उंड्याशी खेळायला बोट पुढे केलं आणि त्या कळवळून ओरडल्या. बोटातून रक्त आलं होतं.

"मावशी, याला भावंडं नाहीत," त्या बोट दाबून म्हणाल्या. "असती तर हा जोरात चावल्याबरोबर केकाटली असती, खेळ मोडून निघून गेली असती. आपल्या दातांनी दुसऱ्याला दुखतं, हे पिल्लू तिथेच शिकतं. याला ते तुम्ही शिकवायचं. असाच राहिला तर कोण नेणार याला? आश्रयगृहाच्या पिंजऱ्यात जन्म जाईल. दोन आठवडे आहेत."

मावशींना तोंडात मारल्यासारखं झालं. ज्या हातांची एवढी घमेंड, त्याच हातांनी पिल्लाचं नुकसान केलं होतं. त्यांना कधी दुखलंच नव्हतं, मग उंड्याला कळणार कुठून?

घरी आल्या आल्या त्यांनी केकाटायला सुरुवात केली. पण दुखत नसेल तर ओरडायचं कधी? उंडा हळू चावला तरी "आई गं!", जोरात चावला तर काहीच नाही, आणि तो सोडून पाणी प्यायला गेल्यावर पुन्हा "आई गं!" शेजारीण दोनदा येऊन विचारून गेली, बरं नाही का म्हणून. उंडा मान वाकडी करून बघत बसला. तिसऱ्या दिवशी मावशींनी हात टेकले.

"मला नाही जमत हे," त्या सुनेला म्हणाल्या. "तू शिकवशील का?"

"तुम्हाला दुखतच नाही आई, तुम्ही तरी काय करणार?" असं म्हणून सून जमिनीवर बसली आणि तिने हात पुढे केला.

दात जरा जास्त रुतला की ती "आऊ!" करायची, उठून पाठ फिरवायची. अर्धा मिनिट खेळ बंद. मग पुन्हा बसायची. लॅबमधून आली की रोज तासभर, न चिडता. मावशी खुर्चीत बसून बघायच्या. एवढी चिवट पोर आपल्याच घरात आहे, हे आपल्याला इतकी वर्षं कसं दिसलं नाही, याचं त्यांना नवल वाटायचं. दहाव्या दिवशी सून एकदाही ओरडली नाही. उंडा तिचं बोट तोंडात धरून नुसता लोळत होता.

ठरल्या दिवशी उंड्याला बघायला दवाखान्यात एक घड्याळजी आले. "दुकानात मी एकटाच असतो, सोबत हवी आहे," ते म्हणाले. "पण घड्याळं दुरुस्त करणारी ही बोटं गेली तर दुकानही गेलं."

मावशींनी वळून सुनेकडे बघितलं.

"खेळा की त्याच्याशी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

घड्याळजींनी हात पुढे केला. उंडा धावत आला आणि त्याने दोन बोटं तोंडात धरली. जबडा मिटत आला. घड्याळजी ओरडले नाहीत, त्यांनी श्वासच रोखून धरला होता. आणि उंडा आपणहून थांबला. त्याने दात सैल केले, बोटं सोडली आणि चाटू लागला.

घड्याळजींनी बोटं उजेडात धरून उलटसुलट तपासली. साधा ओरखडाही नव्हता. "फार निगुतीनं शिकवलंय," ते म्हणाले. "तुमचं काम का, मावशी?"

आपल्या कामाचं श्रेय मावशींनी आजवर कुणालाही घेऊ दिलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले होते, ऊर अभिमानाने फुलला होता. त्यांनी मागे उभ्या असलेल्या सुनेला दंडाला धरून पुढे ओढलं.

"मी नुसतं दूध पाजलं," त्या दवाखानाभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "माणसात आणलं ते हिनं. ही माझी सून."