सत्तावीस नंबरचा खोका

घर बदलताना तुमच्याकडे सगळ्यात शेवटी काय बांधतात हो? कुणी म्हणेल चहाचं सामान, कुणी म्हणेल अंथरूण-पांघरूण. आमच्याकडे सगळ्यात शेवटी मला बांधलं. मी पुठ्ठ्याचा एक साधा खोका. माझ्या अंगावर काळ्या रंगात सत्तावीस आकडा लिहिलेला आहे.

जन्मलो तो द्राक्षांसाठी. दिंडोरीजवळच्या एका बागेत माझ्या घड्या उलगडल्या, तळाशी कागदाचे कातरलेले तुकडे घातले आणि वर हिरवे घड रचले. माझे सगळे भाऊबंद ट्रकमध्ये बसून लांबच्या शहरांना गेले. मला मात्र बागेचे मालक खंडेराव नाशिकला घेऊन आले आणि पंचवटीत राहणाऱ्या आपल्या मित्राला, धनराजला, त्यांनी मला भेट दिलं.

द्राक्षं दोन दिवसांत संपली. धनराजची बायको छाया मला कचऱ्यात टाकायला निघाली, तेव्हा आतून आवाज आला, "राहू दे गं छाया. कोरा खोका आहे, कामाला येईल."

त्या कमळाबाई. धनराजची आत्या. फार लहान वयात त्यांचे यजमान गेले आणि त्या भावाकडे राहायला आल्या. पुढे धनराज चार वर्षांचा असताना त्याची आई गेली. तेव्हापासून त्याचं न्हाऊ-माखू, शाळा, मुंज, लग्न, सगळं कमळाबाईंनीच केलं. भाऊही गेला, आणि पंचवटीतल्या त्या भाड्याच्या दोन खोल्यांत तिघंच उरली. त्या तिघांत मी कपाटावर चौथा.

२००१ साली धनराजनं इंदिरानगरला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. ते ऐकल्यावर कमळाबाईंनी दुसऱ्याच दिवशी एक शंभर पानी वही आणली आणि पहिल्या पानावर 'श्री' काढून खाली लिहिलं, 'सामानाची यादी'. महिनाभर त्या गल्लीतल्या दुकानांतून खोके मागत हिंडल्या. साबणाचे, बिस्किटांचे, औषधांचे. प्रत्येकावर नंबर घातला आणि वहीत त्या नंबरापुढे आतली एकेक वस्तू लिहिली. पहिल्या दिवशी लागेल ते सामान वेगळं, आठ दिवसांनी लागेल ते वेगळं. डाळ-तांदळाचे डबे तळाशी मूठभर धान्य ठेवूनच बांधले, कारण नव्या घरात रिकामा डबा जाऊ द्यायचा नाही, असं त्या म्हणत. छायाच्या काचेच्या कपबश्या गुंडाळायला वर्तमानपत्रं पुरेनात, तेव्हा त्यांनी आपली दोन जुनी सुती लुगडी फाडली.

शेजारच्या अंबूबाई रोज गोदेकाठच्या बाजारात भाजी विकून आल्या की दारात टेकायच्या. "आवो कमळाबाई, घर बदलता का लगीन काढलंय?" त्या म्हणायच्या. "आमी तर समदं चादरीत बांधतो नि डोक्यावर घेतो."

"आणि मग आठ दिवस चमचा शोधता," कमळाबाई म्हणायच्या.

"चमचा लागतो कुनाला? हात हायेत की."

मला त्यांचं हसणं ऐकायला आवडायचं. मला वाटायचं, या बाईच्या हाताखाली एक दाणासुद्धा मागे राहणार नाही.

एके दुपारी कमळाबाई दळण आणायला गेल्या होत्या. मी जमिनीवर उघडा पडलो होतो. छाया आणि धनराज माझ्या शेजारीच बसले.

"सांगितलं का तुम्ही त्यांना?" छायानं विचारलं.

"अजून नाही."

"मग कधी सांगणार? तिथं पोहोचल्यावर?"

"बांधाबांध होऊ दे आधी. तिच्याशिवाय तुला जमणार आहे का हे सगळं?"

छायानं माझं एक झाकण दुमडलं. मग म्हणाली, "त्या वाईट नाहीत हो. पण एकोणीस वर्षं मी त्यांच्या शिस्तीनं राहिले. एकदा तरी माझ्या घरात माझा डबा मला हवा तिथं ठेवायचाय."

"लासलगावला सावळीरामदादा आहेत ना, तिचे सासरकडचे पुतणे. त्यांना कळवलंय मी," धनराज म्हणाला. "टेम्पोच्या दुसऱ्या खेपेच्या वेळी बघतो."

मी सगळं ऐकलं. पण खोक्याला तोंड असलं तरी जीभ नसते. कमळाबाई दळण घेऊन आल्या. धनराजनं पुढे होऊन त्यांच्या हातातला डबा घेतला आणि म्हणाला, "दमलीस का गं आत्या?" त्या दिवशी मला माणसांची पहिल्यांदा भीती वाटली.

जायच्या आदल्या दिवशी कमळाबाईंनी मला भरलं. दोन लुगडी, एक शाल, पोथी, चष्म्याची डबी आणि धनराजचा शाळेतला एक फोटो. एवढंच. सगळ्या घराचं सामान बांधणाऱ्या बाईचं सामान द्राक्षांच्या एका खोक्यात मावलं.

सकाळी टेम्पो आला. चालकाचं नाव गोटीराम. सव्वीस खोके ओळीनं चढले. देव आणि पाण्यानं भरलेला कळस छायाच्या हातात होता. नव्या घरात पहिलं पाऊल सवाष्णीचं पडतं. धनराज म्हणाला, "आत्या, तू मग दुसऱ्या खेपेला ये. दूध उतू गेलं, पूजा झाली की."

"मला का शिकवतोस? मीच तर म्हटलं होतं तसं," कमळाबाई म्हणाल्या आणि त्यांनी छायाचा पदर सारखा केला. आपण पाळलेली रीतच आपल्याला दाराबाहेर ठेवायला वापरली जाईल, हे त्यांच्या मनात आलं नाही. कसं येणार? त्यांनीच वाढवलेला मुलगा होता तो.

कमळाबाई दिवसभर पलंगावर बसून राहिल्या. अंबूबाईंनी भाकरी आणून दिली, ती नको म्हणाल्या. नव्या घरी गोडाचं जेवण असेल, पोटात जागा हवी.

चारच्या सुमारास टेम्पो परत आला. धनराज नव्हता. गोटीराम आणि एक हमाल होते. त्यांनी पलंग उचलला, सिलिंडर नेला, पाण्याचं पिंप नेलं. कमळाबाईंनी मला दाराशी आणून ठेवलं, पायात चपला घातल्या आणि म्हणाल्या, "एवढा खोका पुढे ठेव बाबा, माझ्या पायापाशी."

गोटीराम मान खाली घालून उभा राहिला. "मावशी, यादीत नाय ओ हे."

"असं कसं? यादी मीच लिहिलीय."

त्यानं खिशातून वहीचं पान काढून दिलं. अक्षर कमळाबाईंचंच होतं. दुसरी खेप: पलंग, सिलिंडर, पिंप. आणि शेवटची ओळ, सत्तावीस नंबरचा खोका आणि मी. त्या ओळीवर निळ्या पेनानं सरळ रेघ मारलेली होती. पट्टी लावून मारावी तशी.

"साहेब म्हनले, रविवारी येतो आन् तुमाला लासलगावला सोडतो," गोटीराम म्हणाला. "माज्यावर रागावू नका, मावशी. मी आपला गाडीवाला."

"तुझ्यावर कशाला रागावू? पलंगाचे पाय नीट बांध. एक जरा ढिला आहे."

टेम्पो गेला. रिकाम्या खोलीत त्या जमिनीवर बसल्या आणि त्यांनी हात माझ्यावर ठेवला. रडल्या नाहीत. एकदाच बोलल्या, तेही माझ्याशीच, "आधी सांगितलं असतं, तर मी बांधून दिलं नसतं का रे?"

आज माझे कोपरे फाटलेत, तळाला चिकटपट्टी लावलीय. मी कुणाला शहाणपण शिकवणारा नव्हे. पण तुम्ही घर बदलाल तेव्हा माझं एक ऐका. ज्याला बरोबर न्यायचं नसेल त्याला तोंडावर सांगा. त्याच्याकडून कपबश्या बांधून घेऊ नका. मागे राहणं माणूस सोसतं. पण शेवटपर्यंत आपल्याला वापरून घेतलं, हे सोसवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कमळाबाईंनी दोन्ही खोल्या झाडून घरमालकाला किल्ली दिली, मला कडेवर घेतलं आणि त्या शेजारी अंबूबाईंकडे राहायला गेल्या.