चिंबोरीचं बीळ

वडखळला एसटीतून उतरलेली भाविका चालत नव्हती, उडतच होती! तीन वर्षं पोटाच्या कर्करोगावर डोकेफोड केल्यावर काल कुठे प्रयोगशाळेत उत्तर हाती लागलं होतं. पण खरी लढाई घरी होती. हा कर्करोग घडवणाऱ्या ज्या जंतूपायी आत्या पुतळी गेली, तोच आता बाप काळुरामच्या पोटात निघाला होता. आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांना काळुराम आठवडाभर शिवलासुद्धा नव्हता.

बाप खाडीच्या बांधावर सापडला.

"दुखत नाय तं औषध कशाला गो?"

"बाबा, ऐक तर! पोटाच्या आतल्या अस्तरावर राखणदार असतात, रिसेप्टर म्हणतात त्यांना. जंतू दिसला की बोंब मारतात, मग शरीर लढायला धावतं. आम्हाला वाटायचं, बोंब मोठी तेवढं बरं. निघालं उलटंच! आमच्या रुग्णांत ज्यांचा राखणदार वर्षानुवर्षं बोंबलत राहिला, त्यांचंच पोट जास्त बिघडलं. जंतू मात्र ठाण मांडून!"

काळुरामने बांधाच्या एका टोकाकडे बोट केलं. मग हळूच म्हणाला, "ती खांड माझ्यामुलं गेली व्हती."

गावाच्या बांधाला पडलेलं सगळ्यात मोठं भगदाड! भाताच्या शेतात खारं पाणी घुसलं ते तीन वर्षं पीक नाही. भाविकाला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"राखण माझी व्हती. खेकड्यानं बांध पोखरला व्हता, त्या चिंबोरीच्या बिळातून पानी झिरपायचा. दर उधाणाला मी बोंब मारायचो, आन घाईत बांधाच्याच पायथ्याची माती काढून वर लिंपायचो. वरून बांध कसा झ्याक! चिंबोरी कोनी काढलीच नाय. मंग साध्या भरतीला बसला खाली."

"हेच! बाबा, हेच! गोळी म्हणजे चिंबोरी काढणं!" भाविका एवढ्याने ओरडली की मिठागरातले बगळे उडाले. तिच्या संशोधनाचे दोनशे कागद बापाने चार वाक्यांत गुंडाळले होते. आनंदाने तिचे डोळे भरून आले.

काळुराम तडक घरी गेला, फडताळातलं पाकीट फोडलं आणि पहिली गोळी गिळली. "पुतळीला कोनी असा सांगितला नाय," तो म्हणाला.

मग तोंड पुसून त्याने लेकीकडे पाहिलं.

"आपन सगली एका ताटात जेवलेली मानसं. तुझी तपासनी कधी केलीस गो?"

तीन वर्षं शेकडो लोकांची पोटं तपासणाऱ्या भाविकाने मोबाईल काढला आणि तपासणीसाठी पहिल्यांदाच स्वतःचं नाव नोंदवलं.