पडेगावची पालथी डोणी

मित्रांनो, मी एक जुनी दगडी डोणी आहे. आज पडेगावच्या डोंगराखाली पालथी पडले आहे, पण एके काळी गुरे माझ्यात तोंड घालून पाणी प्यायची. इथल्या त्रिंबक नावाच्या शेतकऱ्याच्या आजोबांनी मला पाथरवटाकडून घडवून घेतले आणि विहिरीपाशी बसवले.

त्या घराची एक रीत होती. गुरांचे पिऊन झाले की उरलेले पाणी सांडायचे नाही, ते डोंगरातल्या जनावरांचे. त्रिंबकची बायको म्हाळसाबाई तर उन्हाळ्यात वरून आणखी एक घागर ओतायची. दिवस कलला की रानडुकरे यायची, रोही म्हणजे नीलगाई यायच्या. मला फार श्रीमंत वाटायचे.

ते मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्चांचे दिवस होते. वाळूजला कारखाने उभे राहत होते आणि शेजारचा मोतीराम तिथे कामाला लागला होता. पूर्वी गावातली मेलेली ढोरे त्याच्या घरच्यांनीच ओढायची, अशी सक्ती होती. त्यांनी धम्म स्वीकारला आणि ते काम कायमचे सोडले. बरेच केले! त्रिंबकला मात्र ते रुचले नव्हते.

पुढे त्रिंबकची गाय कपिली खोकू लागली. खाऊनपिऊनही वाळत गेली आणि एक दिवस मेली. ज्याचं काम त्यानं करावं, असे पुटपुटत त्रिंबकने तिला बैलगाडीतून नेऊन नाल्यात टाकले. रागापायी पुरले नाही. रानडुकरांनी तिच्यावर ताव मारला.

पुढच्या उन्हाळ्यात एक डुक्कर खोकतच माझ्यापाशी आले. त्याची लाळ पाण्यात पडली आणि त्याच पाण्याला रोह्यांनी तोंड लावले. बिचाऱ्यांना काय ठाऊक! काही महिन्यांनी एक रोही हाडांचा सापळा होऊन माझ्याशेजारी बसली, ती उठलीच नाही.

म्हाळसाबाई घाबरली. तिची उरलेली एकुलती कालवड, चांदी, माझ्यातलेच पाणी प्यायची. जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी रोही तपासली आणि हा गुरांचा क्षय असल्याचे सांगितले. गाईच्या मांसातून तो डुकरांत गेला, उष्ट्या पाण्यातून रोह्यांत. रोही उघडी राहिली तर कोल्हे खातील आणि रोग आणखी पसरेल. चांदीला क्षयाच्या तपासणीची सुई टोचून पाहिली. ती अजून निरोगी होती.

त्रिंबक मान खाली घालून मोतीरामच्या दारात गेला.

"ओढायला येनार नाय, त्रिंबक," मोतीराम शांतपणे म्हणाला. "पुरायला येतो, शेजारी म्हनून. पन खड्डा तू बी खंदायचा."

"व्हय," त्रिंबक म्हणाला.

दोघांनी मिळून खोल खड्डा खणला. रोहीला मात्र त्रिंबकने स्वतः ओढत नेले. वरून चुना टाकला, माती लोटली. मग त्याच दोघांनी पहारी लावून मला पालथे केले.

"आता ती तहानेली जनावरं कुठं जातील रं?" म्हाळसाबाई पदराने डोळे पुसत म्हणाली.

मित्रांनो, मुक्या जनावरांवर माया करा, पण डोळसपणे करा. गुरांचे उष्टे पाणी रानाला ठेवू नका. आजारी जनावर मेले तर ते खोल पुरा, आणि ते काम दुसऱ्याच्या माथी मारू नका.

चांदी पुढे मोठी झाली, व्याली. आजही एखादी रोही येते, माझी कोरडी पाठ हुंगते आणि हर्सूलच्या तळ्याकडे चालू लागते. मला वाईट वाटते. पण ती स्वतःच्या पायांनी परत जाते, एवढ्यासाठी मला पालथे राहणे सोसते.